वर्षाऋतूत उघडलेला निघंटू

विद्यार्थिदशेत निघंटू आपणा सर्वांच्या वाट्याला येतो तो पाठांतराचा विषय म्हणून. एकेका वनस्पतीची दहा-बारा पर्यायनामे परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेली असतात आणि परीक्षेनंतर ती विस्मृतीत जातात. पुढे व्यवसायात त्यांची गरज भासत नाही, कारण औषध डब्यातून येते आणि डब्यावर एकच नाव असते. परंतु ज्यांनी ही नावे दिली त्यांच्यासमोर डबा नव्हता. पावसात न्हालेली जिवंत वनस्पती होती. आषाढ-श्रावणात चार कुंड्यांसमोर निघंटू उघडून बसले म्हणजे हे जसे कळते तसे ग्रंथालयात कळत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पुनर्नवेचेच पाहावे. उन्हाळ्यात तिचा जमिनीवरील भाग वाळून नाहीसा होतो आणि रिकामी दिसणारी कुंडी उचलून ठेवण्याचा विचार घरात सुरू होतो. मृगाच्या सरी येतात आणि मातीत टिकून राहिलेल्या जाड मुळातून तांबूस कोंब वर येऊ लागतात. पुन्हा नवी होणारी म्हणून पुनर्नवा, वर्षेत जन्मणारी म्हणून वर्षाभू. नाव देणाऱ्याने कल्पना लढविली नाही, जे घडताना पाहिले तेच दोन शब्दांत बांधले. तिची समोरासमोरची दोन पाने कधी सारखी नसतात. एक मोठे, एक लहान. गुलाबी फूल इतके चिमुकले की थांबून वाकल्याखेरीज दिसू नये. बाजारात श्वेत पुनर्नवा म्हणून येणारी ट्रायन्थिमा ही वनस्पती शेजारच्या कुंडीत लावावी. तिची पाने अधिक मांसल, फुले पानांच्या बगलेत दडलेली. आठवडाभर दोन्ही डोळ्यांखालून गेल्या की पुन्हा घोटाळा होत नाही.

नामकरणामागे काही विचार होता, हे राजनिघंटूत नरहरी पंडितांनी स्पष्टच सांगितले आहे. द्रव्यांची नावे सात प्रकारे पडतात, असे ते म्हणतात. त्यांत रूढी, प्रभाव, देशभाषा आणि वीर्य यांच्या जोडीने लांछन आणि उपमा हेही आहेत. लांछन म्हणजे अंगावरची खूण. उपमा तर कवीचेच साधन! शास्त्रग्रंथाने उपमेला ओळखीच्या साधनांत स्थान द्यावे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. अडुळशाला सिंहास्य म्हणणाऱ्याने त्या पांढऱ्या फुलाचा उघडा जबडा पाहिला होता. (अडुळशाची फांदी पावसाळ्यात सहज लागते; फुलासाठी मात्र थंडीपर्यंत धीर धरावा.) कळलावीच्या पाकळ्या उमलताना हिरवट-पिवळ्या असतात, मग वर वळतात आणि लाल होत जातात, राखाडी पावसाळी प्रकाशात ते फूल खरोखरच पेटल्यासारखे दिसते. म्हणून ती अग्निशिखा. तिचा कंद नांगरासारखा, म्हणून लांगली. कंद विषारी असल्याने लहान मुलांच्या घरी ही वेल लावू नये. ती कुंपणावर किंवा रानात जाऊन पाहावी.

सौंदर्याच्या या गोष्टी वैद्यकाच्या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तरादाखल गुळवेलीकडे वळू.

ज्येष्ठ-आषाढात अंगठ्याएवढ्या जाडीचा, दोन पेरांचा तुकडा मातीत खोचला की थोड्याच दिवसांत त्याला फूट येते. तोडली तरी वाढणारी ती छिन्नरुहा. खोड आडवे कापले की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, म्हणून चक्रलक्षणा. कोविडच्या साथीत ही वेल घरोघरी पोहोचली. वैद्याला न विचारता, कोणाच्याही कुंपणावरून तोडून. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या काही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुडूची सुरक्षित असल्याचे सांगितले आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल अपायकारक ठरू शकते, असे 2022 मध्ये निदर्शनास आणले. हा वाद केवळ ओळखीच्या प्रश्नाने मिटत नाही. मात्रा, कालावधी आणि रुग्णाचे पूर्वीचे यकृतविकार हेही त्यात आहेत. तथापि पहिली पायरी ओळखीचीच. दोहोंची पाने हृदयाकृती. मात्र क्रिस्पाच्या खोडावर ठळक, गाठाळ उंचवटे असतात. ज्याने एक पावसाळा गुळवेल वाढताना पाहिली, तिचे दोऱ्यासारखे लोंबणारे वायव्य मूळ बोटांत धरले, त्याच्या हाती कोणी दुसरी वेल दिली तर त्याला ती परकी वाटेल. तसे वाटणे हे प्रथम सौंदर्यदृष्टीचे काम आहे, पुस्तकाचे नंतर.

ब्राह्मीचेही तेच. रोपवाटिकेत 'ब्राह्मी' मागितल्यास पुष्कळदा मंडूकपर्णी हाती येते. बेडकाच्या पसरलेल्या पायासारखे गोलसर पान, लांब देठ, जमिनीवर धावणारे धुमारे, ही मंडूकपर्णी. जाडसर, रसदार, लहान पानांची आणि फिकट फुलांची ती ब्राह्मी. दोन्ही ओलीच्या सोबती. गळक्या नळाखालच्या कुंड्यांत त्या सुखाने नांदतात.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, औषधींची नावे आणि रूपे मेंढपाळ, गुराखी व इतर वनवासी जाणतात. तेवढ्याने औषधीज्ञान पूर्ण होत नाही, योग जाणावा लागतो. आज आपली गत उलटी झाली आहे. योग आपण जाणतो, रूप जाणत नाही. गुराख्याकडे जे होते ते आपल्याकडे नाही, ही काही भूषणावह स्थिती नव्हे.

पावसाळ्यात वनस्पतीचे नमुने वाळविणे कठीण. कागदात दाबलेले पान दोन दिवसांत बुरशीने काळे पडते. त्यापेक्षा वही घ्यावी आणि चित्र काढावे. चित्र वाईट आले तरी हरकत नाही. पानाची कड रेखाटताना ती दंतुर आहे की अखंड, हे पाहावेच लागते. त्याखाली निघंटूतील नावे लिहावीत आणि एखादे नाव स्वतः योजून पाहावे. आमच्या परिचयातील एका वैद्यभगिनीने आपल्या सज्जातील पानओव्याला 'मखमली' असे नाव दिले आहे. आम्हांस ते लांछनाच्या वर्गात बसणारे वाटते!

तोडणीची मात्र घाई नको. वर्षेतील औषधी कोवळ्या आणि अल्पवीर्य असतात, असे सुश्रुत ऋतुचर्येत सांगतात. कल्पस्थानात चरकांनी नुकतीच फुटलेली शाखा-पाने वर्षा व वसंतात घेण्यास अनुमती दिली आहे. मुळे मात्र ग्रीष्मात किंवा शिशिरात. तेव्हा श्रावणात पुनर्नवा उपटू नये. सुश्रुतांनी अंगनिहाय ऋतू ठरविणारे मत अमान्य करून सौम्य औषधी सौम्य ऋतूंत आणि आग्नेय औषधी आग्नेय ऋतूंत घ्याव्यात असे म्हटले, हाही मतभेद कुंडीसमोर बसून विचार करण्याजोगा आहे.

आता थोडे माळ्याच्या प्रकृतीविषयी. वाग्भटांनी वर्षाऋतूत पायी हिंडणे वर्ज्य सांगितले आहे आणि बागकाम तर चिखलातच. पायांत काही घालावे, आत आल्यावर पाय कोरडे करून कोमट तिळतेल लावावे, वस्त्रे धूपवावीत. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी रोज ओतून द्यावे, अन्यथा डासांचीच लागवड व्हायची.

भाद्रपद येईतो माका फुललेला असतो. गणपतीच्या पत्रीची बांधलेली जुडी बाजारातून आणण्याऐवजी निदान माका आणि आघाडा तरी घरच्या कुंडीतून खुडावा, मुलांच्या हातांनी. माक्याचे पान चुरडले की बोटे काळपट होतात. आघाड्याच्या मंजरीवरून खालून वर हात फिरविला की ती खरखरते, कारण तिची फुले उलटी, देठाकडे वळलेली असतात. खरमंजरी आणि प्रत्यक्पुष्पी ही दोन्ही नावे मग मुलांना सांगावीत.