उंदीर आणि शेजारधर्म

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीत दोन बिऱ्हाडांचे बोलणे बंद झाले. कारण, ‘उंदीर तुमच्याकडून येतात!’ वस्तुतः भिंत सामाईक, तसे उंदीरही सामाईक. घरातल्या लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. मादी सुमारे २० दिवसांत ५-६ पिल्ले देते. एकट्याने पिंजरा लावला, तर पकडलेल्यांची जागा शेजारचे घेतात. विष घातले, तर उंदीर भिंतीत मरतो आणि दुर्गंधी साऱ्या मजल्याला! म्हणून सर्वांनी मिळूनच नळाभोवतीच्या फटी जाळी कोंबून सिमेंटने बुजवाव्यात, धान्य पत्र्याच्या डब्यांत ठेवावे, खरकटे रात्री उघडे टाकू नये आणि भिंतीलगत पिंजरे लावावेत. उंदीर खोलीचा क्रमांक पाहत नाही. तो आपणच पाहतो.