मूड नसला तरी शटर वर गेलंच पाहिजे : पेटकरांकडून शिकायच्या तीन गोष्टी

आमच्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, सुरुवातीला जोश असतो, पण धंदा मंदावला की मनच लागत नाही. काय करायचं?"

मी त्यांना मुरलीकांत पेटकरांचं नाव सांगतो. २०२४ मध्ये आलेला 'चंदू चॅम्पियन' त्यांच्यावरच आहे. तुम्ही तो पाहिलाही असेल. पण टाळ्या वाजवून घरी आलात तर उपयोग शून्य. त्यातून आपल्या दुकानासाठी काय घ्यायचं, ते बघू.

सांगली जिल्ह्यातला हा मुलगा लष्करात ईएमईमध्ये होता आणि बॉक्सिंग करायचा. १९६५ च्या युद्धात काश्मीरमध्ये गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग तिथेच संपलं. उपचाराचा भाग म्हणून पोहणं सुरू झालं. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून जागतिक विक्रम केला आणि भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं.

१. ध्येय धरा, पण रस्त्याला चिकटून बसू नका

पेटकर "मी बॉक्सरच होणार" म्हणून अडून बसले नाहीत. खेळ बदलला, खेळणं सोडलं नाही. आपल्याकडे बरेच जण उलटं करतात. माल खपत नाही, तरी "जिद्द" म्हणून तोच माल भरत राहतात. याला चिवटपणा नाही, हट्ट म्हणतात. नवा माल आणताना वहीत आधीच तारीख लिहा : अमुक महिन्यापर्यंत इतका खपला नाही, तर बंद. तारीख आधी ठरलेली असली की निर्णय भावनेच्या भरात होत नाही.

२. मूडवर नाही, वेळेवर चाला

गोळी लागली १९६५ ला, पदक आलं १९७२ ला. मधली सात वर्षं नुसत्या जोशावर निघत नाहीत. तिथे रोजचा सराव लागतो. आपला सराव साधा आहे. शटर रोज ठरल्या वेळी वर. रात्री गल्ला मोजल्याशिवाय शटर खाली नाही. रोख, यूपीआय आणि उधारी यांचे आकडे वेगळे लिहायचे. घरखर्चाला गल्ल्यात हात घालायचा नाही, स्वतःचा पगार ठरवून महिन्यातून एकदाच घ्यायचा. पुण्यात जुलैच्या पावसात दिवसभर भवानी झाली नाही, तरी वहीत शून्य लिहायचं. ते शून्य लिहायला जी हिंमत लागते ना, तीच मानसिक ताकद!

३. शाबासकी उशिरा येईल, हे धरूनच चाला

पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी! तुमच्या दुकानाचं कौतुक पहिल्या वर्षी कोण करणार? उलट नातेवाईक विचारतील, "नोकरी का नाही बघत?" म्हणून स्वतःची मोजपट्टी ठेवा. या महिन्यात किती गिऱ्हाईकं परत आली? किती उधारी वसूल झाली? लोकांच्या बोलण्यापेक्षा हे आकडे खरं सांगतात.

आणि एक लक्षात ठेवा, मन खंबीर म्हणजे सगळं एकट्याने गिळणं नव्हे. जखमी सैनिकामागेही डॉक्टर, हॉस्पिटल, प्रशिक्षक होते. भाडं थकतंय असं दिसलं तर जागामालकाशी आधीच बोला, पुरवठादाराकडे मुदत मागा, घरी खरा आकडा सांगा. लपवलेलं कर्ज भल्याभल्यांना मोडतं. तीन महिन्यांचं भाडं बाजूला असेल, तर रात्री झोपही लागते आणि सकाळी डोकंही शांत चालतं.

आता काम. आजपासून २१ दिवस रात्री एक ओळ लिहा : तारीख, विक्री, खर्च, उधारी. एकही दिवस गाळायचा नाही. बाविसाव्या दिवशी ती वही उघडा आणि पुढचा माल त्या आकड्यांवरून भरा.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत. शटर वेळेवर!