कारखानदारीचा जमाखर्च : लेखांक ६ – अपघाताची बातमी

मागील लेखांकात आपण कच्च्या मालाच्या नासाडीचा हिशेब पाहिला. या आठवड्यात माणसाच्या हातापायांच्या नासाडीचा पाहावयाचा आहे, आणि तो पाहताना भूतदयेचा प्रश्न काही काळ बाजूस ठेवून निव्वळ कारखानदाराच्या फायद्यातोट्याच्या अंगानेच विचार करावयाचा आहे. हे काहींना रुक्ष वाटेल. परंतु केवळ दयेवर उभारलेली व्यवस्था मंदीच्या पहिल्याच वर्षी काटकसरीच्या यादीत जाऊन बसते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की हिशेबाची वाटच मला अधिक भरवशाची वाटते.

१८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभांनंतर नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज फॅक्टरी कमिशनकडे पाठविला, त्यातील आठवड्याच्या सुटीचे कलम लोकांच्या स्मरणात राहिले, कारण १८९० साली रविवारची सुटी खरोखरच पदरात पडली. मात्र गिरणीत काम करताना ज्यास जबर इजा होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी, हे त्याच अर्जातील दुसरे कलम बहुतेकांच्या विस्मृतीत गेले. तोवर कामगाराचा हात यंत्रात गेला, तर त्याबद्दल मालकाच्या खतावणीत एक पैही खर्ची पडत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाज्याशी उभ्या असलेल्या बदलीवाल्यांपैकी एकास जॉबर आत घेई आणि साचा पुन्हा सुरू होई. त्या हाताची काही किंमत धरावी, एवढेच लोखंड्यांचे मागणे होते. कायद्याने ती धरावयास १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या नुकसानभरपाईच्या अधिनियमाने अपघातास दर लावला, आणि दर लागताच विमा कंपन्यांनी त्याचा हप्ता बांधून दिला. जो अपघात पूर्वी फुकट पडत असे, तो आता वार्षिक अंदाजपत्रकातील एक मामुली खर्च होऊन बसला. अपघाताचे पैसे भरण्याची सोय झाली; तो का झाला हे शोधण्याची निकड मात्र त्यातून उत्पन्न झाली नाही.

ही निकड एका व्यापारी संस्थेच्या मुख्याने आपण होऊन कशी उत्पन्न केली, याचे सर्वांत नामांकित उदाहरण अमेरिकेतील अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे आहे. १९८७ साली पॉल ओ'नील हे तिचे प्रमुख झाले. हे गृहस्थ पूर्वी अमेरिकन सरकारच्या अंदाजपत्रक विभागात उच्चाधिकारी होते आणि पुढे २००१ मध्ये त्या देशाचे अर्थमंत्रीही झाले. सबब त्यांस आकड्यांचे वावडे होते असे कोणी म्हणणार नाही. तरीही न्यूयॉर्क येथे गुंतवणूकदारांपुढे केलेल्या पहिल्याच भाषणात नफा, कर किंवा बाजारपेठ यांविषयी अवाक्षर काढण्यापूर्वी त्यांनी कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय काढला आणि एकही कामगार जखमी होऊ नये हे आपले उद्दिष्ट असल्याचे सांगून सभागृहातून बाहेर पडण्याचे आपत्कालीन दरवाजे कोणत्या बाजूस आहेत, हेही श्रोत्यांस दाखविले. सभा संपताच एका दलालाने आपल्या अशिलांना या कंपनीचे शेअर विकून टाकण्याचा सल्ला दिला, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, त्या सभेत बहुतेकांच्या मनात काय आले असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

ओ'नील यांनी केलेला नियम दिसावयास अगदी साधा होता. कोठेही कोणास इजा झाली, की त्या विभागाच्या अध्यक्षाने चोवीस तासांच्या आत ती खुद्द त्यांस कळवावी आणि तशी इजा पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार आहोत, तेही सोबत लिहून द्यावे. आता चोवीस तासांत असा खलिता पाठवावयाचा, तर त्या अध्यक्षास हाताखालच्या व्यवस्थापकाकडून खबर तासाभरात मिळावयास हवी, व्यवस्थापकास ती सुपरवायझरकडून मिनिटांत मिळावयास हवी, आणि उपायांची यादी ऐनवेळी सुचत नसल्यामुळे कोणते यंत्र कुरकुरते, कोणत्या वळणावर ट्रॉली घसरते, हे कामगारांनी अगोदरच निर्भयपणे सांगून ठेवलेले असावयास हवे. म्हणजे ज्या जिन्याने आजवर केवळ हुकूम खाली उतरत होते, त्याच जिन्याने बातमी वर चढू लागली. वितळलेला धातू उडून कामगार भाजत असत म्हणून ओतण्याची रीत बदलली, तेव्हा भाजणे कमी झालेच, पण जमिनीवर सांडून फुकट जाणारा धातूही वाचला. वारंवार बिघडणारी यंत्रे काढून टाकली तेव्हा मालाची प्रतही सुधारली, कारण ज्या बिघाडाने हात सापडतो त्याच बिघाडाने माल खराब निघतो. सर्वांत बोधप्रद गोष्ट घरांच्या भिंतींस बाहेरून लावावयाच्या पत्र्यांच्या कारखान्यातील आहे. रंगकामाची यंत्रे एकत्र बसविली तर रंग झटपट बदलता येईल, ही गोष्ट तेथील एका साध्या कामगाराच्या मनात फार दिवस घोळत होती. सुरक्षिततेसाठी उघडलेल्या मार्गाने ती वर पोहोचली आणि वर्षभरात त्या मालावरील नफा दुप्पट झाल्याचे नमूद आहे. या सूचनेचा सुरक्षिततेशी काडीचाही संबंध नव्हता. मार्ग उघडा होता, एवढेच.

अर्थात नुसत्या नियमाने हे झाले नसते. ओ'नील यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच अ‍ॅरिझोनातील कारखान्यात, काही आठवड्यांपूर्वीच कामास लागलेला एक तरुण अडकलेले यंत्र मोकळे करण्यासाठी संरक्षक भिंत ओलांडून आत गेला आणि यंत्र सुटताच त्याचा दांडा डोक्यात बसून मरण पावला. भिंत ओलांडू नये असे त्यास सांगितले होते, इतके लिहून कोठलाही तपासनीस प्रकरण दप्तरी दाखल करू शकला असता. ओ'नील यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांस बोलावून या मृत्यूची जबाबदारी आपणा सर्वांची, आणि प्रथम माझी, असे बजावले. पुढे १९९६ साली भागधारकांच्या वार्षिक सभेत बेनेडिक्टाइन पंथाच्या एका जोगिणीने मेक्सिकोतील अकून्या येथील कामगारांच्या हालअपेष्टांचा प्रश्न उपस्थित केला. चौकशीअंती तेथे विषारी वायूने कामगार आजारी पडले असता स्थानिक व्यवस्थापनाने उपाय तर केले, पण मुख्य कचेरीस कळविले नाही, असे उघडकीस आले. तेव्हा कंपनीच्या अत्यंत यशस्वी आणि जुन्या अधिकाऱ्यांपैकी एकास नोकरी गमवावी लागली. हा तपशील लक्षपूर्वक वाचावा: बडतर्फीचे कारण वायू नव्हे, दडपलेली बातमी होय.

ओ'नील २००० च्या अखेरीस निवृत्त झाले, त्या सुमारास कामाचा दिवस बुडविणाऱ्या इजांचे प्रमाण दर शंभर कामगारांमागे १.८६ वरून ०.२ च्या घरात आले होते आणि वार्षिक निव्वळ नफा सुमारे पाचपट झाला होता. या पाचपटीचे सारे श्रेय सुरक्षिततेस देणारे भाष्यकार पुष्कळ आहेत. मला तो उत्साह अतिरिक्त वाटतो. मधल्या काळात कंपनीने १९९८ मध्ये अल्युमॅक्स आणि २००० मध्ये रेनॉल्ड्स हे मोठे प्रतिस्पर्धी विकत घेतले होते, आणि धातूच्या बाजारभावाचे चढउतार कोणत्याही सुरक्षा समितीस विचारून होत नाहीत. सुरक्षिततेपायी नफा बुडतो हा समज मात्र या उदाहरणाने निश्चित खोटा ठरतो, आणि माझ्या युक्तिवादास तेवढे पुरे आहे.

आता आपल्याकडील वहिवाट पाहू. १९४८ च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे ज्या अपघाताने कामगार अठ्ठेचाळीस तास वा अधिक काळ कामावर येऊ शकत नाही, त्याची सूचना सरकारी निरीक्षकास देणे बंधनकारक झाले. हेतू उत्तम होता. परंतु या नियमाच्या पोटी एक विचित्र रिवाज जन्मास आला: पायास प्लॅस्टर घातलेल्या माणसास रिक्षात घालून आणावयाचे, टाइम ऑफिसच्या बाकावर बसवावयाचे आणि मस्टरवर हजेरी लावून घ्यावयाची. अठ्ठेचाळीस तास भरत नाहीत, सूचना जात नाही, आणि गेटावरच्या फलकावरील अपघातविरहित दिवसांचा आकडा निर्वेधपणे वाढत राहतो. त्या आकड्यावर बक्षीस लावले असेल, तर बाकावर बसलेला मनुष्य तक्रारही करीत नाही, कारण त्याच्यापायी साऱ्या पाळीचे बक्षीस जावयाचे असते.

भोसरी, चाकण या पट्ट्यातील मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या लहान शॉपमधून बोटे जातात ती बहुतकरून पॉवर प्रेसवर. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, म्हणजे हात डायमध्ये राहणारच नाही, अशी योजना कैक वर्षांपासून उपलब्ध आहे. परंतु टार्गेट भरण्याच्या घाईत त्यांपैकी एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवतात. सुपरवायझर ते पाहतो आणि पाहत नाही. बोट गेल्यावर अहवालात कामगाराची निष्काळजी असे कारण लिहिले जाते आणि ती चिकटपट्टी कोणाच्या घाईची होती, हा प्रश्न कागदावर येतच नाही. या लेखनपद्धतीस एका ग्रंथाचा आधारही मिळालेला आहे. हर्बर्ट हाइनरिख या विमा कंपनीतील अमेरिकन तज्ज्ञाने १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी अपघात कामगारांच्या धोक्याच्या कृतींमुळे होतात, असा सिद्धान्त मांडला आणि तो पुढे अनेक पिढ्या शिकविला गेला. परंतु त्याचे साधन म्हणजे विम्याच्या दाव्यांची आणि कारखान्यांच्या नोंदींची दप्तरे; आणि नोंद करणारा सुपरवायझर स्वतःचा दोष स्वतःच्या हस्ताक्षरात लिहील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. मोठ्या अपघातामागे अनेक किरकोळ अपघात आणि त्यांहून अधिक थोडक्यात टळलेले प्रसंग असतात, हे त्याच ग्रंथातील दुसरे निरीक्षण मात्र आजही उपयोगी आहे, जोवर ते टळलेले प्रसंग कोणी सांगावयास येते तोवरच.

अपघातांच्या नोंदीचा कोरा तक्ता किती फसवा असू शकतो, हे २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात दिसून आले. स्फोटात पंधरा माणसे ठार आणि सुमारे एकशेऐंशी जखमी झाली. वैयक्तिक इजांचे आकडे चांगले दिसत असल्यामुळे कंपनी त्यांसच सुरक्षिततेचे माप समजत राहिली. मनोऱ्यातील द्रवाची पातळी चुकीची दाखविणारे उपकरण, जुनाट बांधणीची वायुमुक्तीची टाकी आणि वर्षानुवर्षांची खर्चकपात या गोष्टी त्या मापात बसतच नव्हत्या. घसरून पडणाऱ्या माणसांची मोजदाद होते. गंजणाऱ्या नळ्यांची होत नाही. भोपाळ येथे १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या तपासनिसांनी त्रुटी लिहून दिल्या होत्या. तरीही डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळती झाली त्या रात्री विषारी द्रव्य थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद केलेली होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी सोडविलेला होता. तेथे बातमी पोहोचली होती, पण तिच्यावर पैसा खर्च करण्याची इच्छा कोणास नव्हती.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याच्या प्रक्रिया चालविणाऱ्या कारखान्यांत मालक आणि कामगार यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती असावी, आणि आसन्न धोक्याची रास्त भीती वाटल्यास कामगारास ती व्यवस्थापनाच्या नजरेस आणता यावी, अशी कलमे घातली गेली. कलमे चांगली आहेत. समितीच्या बैठकांची इतिवृत्ते चाळली, तर बहुधा पिण्याचे पाणी, कँटीन आणि गमबूट यांपलीकडे चर्चा गेलेली दिसत नाही. समितीत ज्याच्या तोंडून खरी बातमी यावयाची, तो प्रेसवर उभा असलेला मनुष्य आज पुष्कळदा कंत्राटदाराचा असतो. त्यास समितीत जागा नसते, त्याचे नाव कंपनीच्या मस्टरवर नसते, आणि त्याची इजा कोणाच्या नोंदवहीत लिहावयाची यावरच दोन कचेऱ्यांमध्ये पत्रव्यवहार चालतो. या कंत्राटी व्यवस्थेत मजुरीची जी बचत दाखविली जाते ती खरोखर बचत आहे की नाही, याचा हिशेब पुढील लेखांकात मांडू.