नादेय आणि सामुद्र : मत्स्यरसाचा तौलनिक विचार

पथ्य सांगताना आपण वैद्यमंडळी सहसा दोनच वाक्ये वापरतो : ‘मासे बंद’ किंवा ‘मासे चालतील’. रत्नागिरीसारख्या गावात मात्र हे उत्तर अपुरे ठरते. ज्या घरात सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी वगळता ताटात मासा असतो, तेथील रुग्ण लगेच पुढचा प्रश्न विचारतो, ‘कुठला?’ पापलेट, बांगडा, खाडीतील बोय, ओढ्यातील मरळ आणि तलावातील रोहू यांना एकच द्रव्य समजणे हे मूग आणि उडीद यांना ‘कडधान्य’ म्हणून एका ओळीत बसवण्यासारखेच आहे. त्यांतील भेद रुग्णाची जीभ ओळखते. आपण तो शास्त्राच्या भाषेत मांडला पाहिजे.

चरकांनी मत्स्यवर्गाचे सामान्य गुण गुरु, उष्ण, मधुर, स्निग्ध, बल्य, बृंहण, वातघ्न आणि वृष्य असे सांगून लगेच ‘बहुदोष’ अशी सूचनाही जोडली आहे. सुश्रुतांनी (सूत्रस्थान, अध्याय ४६) नादेय आणि सामुद्र असे दोन विभाग केले. दोन्ही मधुर, गुरु, स्निग्ध, उष्ण आणि वातहर असले तरी नादेय मत्स्य रक्तपित्तकर व अल्पवर्चस, तर सामुद्र मत्स्य फारसे पित्तकर नसलेले, कफवर्धक आणि मलाचे प्रमाण वाढवणारे सांगितले आहेत. किनाऱ्यावरील लोकसमजूत नेमकी याच्या उलट आहे. ‘समुद्राचा मासा गरम, नदीचा थंड’ असे आपण रोज ऐकतो. माझ्या मते ही उष्णता बहुतांशी माशाची नसून संस्काराची आहे. बांगड्याच्या तिखल्यात लाल मिरची आणि तिरफळ घालायचे आणि पित्ताचा दोष बांगड्याला द्यायचा, हा न्याय नव्हे. बृंहणाच्या दृष्टीने सुश्रुत नादेय मत्स्यांना सामुद्रांपेक्षा श्रेष्ठ मानतात, हे मात्र आमच्या मिरकरवाड्यात मोठ्याने सांगण्याची सोय नाही!

आता प्रत्यक्ष चवीकडे वळू. सर्व मासे मधुर असतील तर चवीतील भेद कोठून येतो? शास्त्राचे उत्तर अनुरसात आणि माशाच्या आहारात आहे. शेवाळ व कोवळे गवत खाणाऱ्या रोहिताला सुश्रुतांनी कषाय अनुरस सांगितला आहे. चरक त्याला याच आहारामुळे व झोप न घेण्यामुळे दीपनीय आणि लघुपाकी म्हणतात. पंचविसाव्या अध्यायात मत्स्यांमध्ये तोच पथ्यतम मानला आहे. याउलट मांसभक्षक, निद्राळू पाठीन कफकर आणि रक्त-पित्त दूषित करणारा ठरवला आहे. सामुद्र मत्स्य मांसाशी असल्यामुळे विशेष बलकारक होतात, असे सुश्रुतांचे निरीक्षण आहे.

आधुनिक रसायनशास्त्र येथे पूरक ठरते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी सागरी माशांच्या पेशींत ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड हे द्रव्य साठवलेले असते. मासा मेल्यावर जिवाणूंमुळे त्याचे रूपांतर ट्रायमिथाइल अमाइनमध्ये होते. आपण ज्याला माशाचा ‘वास’ म्हणतो तो मुख्यतः हाच. गोड्या पाण्यातील माशांत हे द्रव्य फारच थोडे असते, म्हणून ताजा मरळ चवीला सौम्य, किंबहुना काहींना बेचव वाटतो. सागरी माशांत ग्लायसीनसारखी मुक्त अमिनो आम्लेही तुलनेने अधिक असतात. ग्लायसीन स्वतः गोड असते. आपली मंडळी पापलेटला ‘गोडा’ म्हणतात, ते उगाच नव्हे. तळ्यातील माशाला येणारा चिखलाचा वास जिओस्मिन या द्रव्याचा असतो. ते काही शेवाळसदृश व मातीतील जिवाणू तयार करतात. आम्ल माध्यमात त्याचा ऱ्हास होतो आणि आमसूल व चिंच ट्रायमिथाइल अमाइनचा वासही बांधून ठेवतात. स्वयंपाकघरातील आमसुलाला अशी दोन कामे आहेत. मोरीची गोष्ट आणखी वेगळी. शार्कवर्गीय माशांच्या मांसात युरिया असतो, त्याचा अमोनिया होतो आणि म्हणून मोरी धुण्यात जरा कसूर झाली की घरभर कळते.

उच्च रक्तदाबाचे रुग्ण विचारतात, ‘समुद्राचा मासा खारट, मग खाऊ का?’ ताजा सागरी मासा खारट नसतो. पापलेट-बांगड्यासारख्या अस्थियुक्त माशांच्या शरीरद्रवांतील क्षारता समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असते, जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकले जाते. वर्ज्य करायचा तो खारवलेला बांगडा आणि सुके मासे. पावसाळी बंदीच्या दिवसांत ताटात नेमके हेच असतात, म्हणून जून-जुलैमध्ये ही चौकशी आवर्जून करावी. याच दिवसांत ओढ्यांतून चढणीचे मासे येतात. ते अंडी भरलेले, अतिस्निग्ध असतात आणि वर्षाऋतूत अग्नी मंद असतो. चव उत्तम, पचन कठीण, असा हा मेळ आहे.

ऋतूचा खरा पेच त्यापुढे येतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात, आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत तारली व बांगडा यांच्यात चरबी भरते. चव चरबीत असते, त्यामुळे खवय्ये याच हंगामाची वाट पाहतात. परंतु चरकांनी शरद ऋतूत वसा, तैल आणि औदक-आनूप मांस वर्ज्य सांगितले असून मेदुर औदक मांसाची योजना हेमंतात केली आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात शीतपित्त आणि अम्लपित्ताचे रुग्ण वाढतात, त्या वेळी मी बांगडा-तारली थांबवतो आणि मासा सोडवतच नसेल तर पातळ सारातील लेपा किंवा पापलेट देतो. मार्गशीर्षात मात्र मोकळीक देतो. (तेव्हा महालक्ष्मीचे गुरुवार आडवे येतात, तो भाग निराळा.)

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात चेहरा लाल, डोकेदुखी आणि अंगभर कंडू अशी लक्षणे आलेल्या एका खलाशाला ‘माशाची ॲलर्जी’ असे निदान देऊन सर्व मासे आयुष्यभरासाठी बंद करण्यात आले होते. खोदून विचारल्यावर कळले की बांगडा दिवसभर बर्फाविना राहिला होता आणि जिभेला मिरपुडीसारखा चरचरला होता. बांगडा, सुरमई व कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असते. उष्ण जागी राहिल्यास जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. मधुर द्रव्यात अकस्मात आलेला हा कटुरस म्हणजे विषाची खूण समजावी. घास तेथेच थांबवावा. तो खलाशी पुढे ताजा बांगडा निर्धोकपणे खाऊ लागला. खरी ॲलर्जी आणि हे विषारीपण यांत फरक करण्यासाठी मासा किती ताजा होता, त्याच ताटातील इतरांना त्रास झाला का, आणि पूर्वी तोच मासा पचला होता का, हे विचारावे. श्वासाला अडथळा किंवा मूर्च्छा असल्यास चर्चा न करता रुग्णालयात पाठवावे.

बाळंतिणीला दूध येण्यासाठी मोरी देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. मोठ्या मांसाशी माशांत पारा साचतो, हे आता निश्चित ठाऊक आहे. गर्भिणी व सूतिकेला मोठी मोरी किंवा मोठी सुरमई वारंवार देऊ नये. त्याऐवजी पेडवे, मांदेली यांसारखे लहान मासे सुचवावेत.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती आहे. चरक सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात रसांची संख्या ठरते, आणि त्याच अध्यायात दूध व मासे यांवरून भद्रकाप्य आणि आत्रेय यांचा मतभेदही येतो. चिलिचिम वगळता इतर मासे दुधासह चालतील, असे भद्रकाप्यांचे म्हणणे होते. दोन्ही मधुर असले तरी वीर्य विरुद्ध, म्हणून रक्तदुष्टी आणि स्रोतोरोध होतो, असा आत्रेयांचा निर्णय आहे. आज अश्वगंधा चूर्ण व शतावरी कल्प रात्री दुधासोबत घेण्याची सूचना आपण देतो आणि रुग्ण माशाच्या जेवणावरच ते घेतो. डबी हातात देताना ‘रात्री मासे खाता का?’ एवढे विचारावे, आणि खात असल्यास औषध सकाळी अनशेपोटी दुधासह किंवा रात्री कोमट पाण्यासह घेण्यास सांगावे. सोलकढीबद्दलही हमखास विचारले जाते. तिच्यात नारळाचा रस असतो, गाई-म्हशीचे दूध नाही. तिला हा विरुद्धाहाराचा नियम लागू नाही.