काचेची पेटी आणि आपली विहीर



मुंबईला नायगावात आमच्या भाच्याच्या खोलीत माशांची काचेची पेटी आहे. मासे मलूल, काच शेवाळलेली. भाचा म्हणाला, “मामा, पाणी घटलं की मी भरतो की!” तिथंच चुकलं. पाणी वाफ होऊन उडते, नायट्रेट मागेच राहते.

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. उसाला दिलेल्या युरियाचेही जमिनीत असेच होते. शेतात ते ऊस खातो, पेटीत खाणारे कोणी नाही.

उपाय सोपा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी तळाच्या घाणीसकट नळीने ओढून काढावे. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मग तेवढेच भरावे. सगळे पाणी एकदम बदलू नये, माशांना सोसत नाही. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच टाकावे. पाणवनस्पती लावाव्यात.

गावाकडे पेटीत विहिरीचे पाणी भरत असाल, तर आधी तपासून घ्या. जादा युरिया पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको. तान्ह्या बाळाला ते जिवावर बेतू शकते. उकळल्याने ते जात नाही, उलट दाट होते.

म्हणून युरिया हप्त्याहप्त्याने द्या, पाणी बेताने सोडा. पेटीचे पाणी बदलता येते, विहिरीचे नाही.

— ऊस विकास अधिकारी