मातीच्या मावळ्याला रंग कोणता आणि सावली कशी द्यायची?

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे पुष्कळदा सपाट दिसतात, कारण त्यांच्यावर सावली नसते. खऱ्या अंगरख्याच्या चुणीत उजेड पोहोचत नाही, म्हणून ती गडद दिसते. दहा सेंटिमीटरच्या मावळ्यावर तीच चूण जेमतेम एक मिलिमीटर खोल असते. तिथली सावली रंगानेच काढावी लागते.

रंग कोणता?
अ‍ॅक्रिलिक सोयीचा. तो पाण्यात मिसळतो, पण वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. त्यामुळे थरावर थर देता येतो. पोस्टर कलर ओल्या ब्रशने पुन्हा सुटतो. ऑइलपेंटचा थर जाड बसतो आणि नाक-डोळे बुजतात. घरात उरलेला जुना ऑइलपेंट तर मुलांच्या हाती देऊच नका. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात ते जास्त असू शकते.

क्रम कसा?
१. माती आणि प्लास्टर रंग शोषतात. म्हणून आधी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्या.
२. मूळ रंग द्या. मावळ्यांना एकसारखा गणवेश नव्हता. सगळे भगवे करू नका. मळकट पांढरा, तांबडा, निळा असे वेगवेगळे घ्या.
३. गडद रंग भरपूर पाण्यात पातळ करून अंगावर सोडा. तो आपोआप चुणीत साचतो. उंचवट्यावरचा फडक्याने लगेच टिपा.
४. पूर्ण वाळल्यावर ब्रशला फिका रंग लावा, जवळजवळ सगळा कागदावर पुसा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. पागोट्याचे पीळ, नाक, ढालीची कड उठून दिसतील.

सावलीसाठी काळा का नको?
काळ्याने रंग मळका दिसतो. पिवळ्याला तपकिरी, तांबड्याला गडद किरमिजी, पांढऱ्याला निळसर राखाडी, चेहऱ्याला तांबूस तपकिरी सावली द्या. उजेड वरून येतो असे धरा. म्हणजे खांदे फिके, हनुवटीखालचा भाग गडद.

हीच रीत लाकडालाही चालते. गोंदिया-भंडाऱ्याकडे तान्हा पोळ्याला मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात. त्याच्या वशिंडावर फिका आणि पोटाखाली गडद हात फिरवून पाहा. तेव्हा हवा दमट असते, म्हणून प्रत्येक थर नीट वाळू द्या. घाई केली तर खालचा रंग वर येतो.