रासाटीच्या रिगवरचा एक दिवस

सकाळी ६. कोयनानगरजवळच्या रासाटीत रात्रपाळी संपत आलीय, रिग मात्र चालूच. १९६७ चा भूकंप जिथं झाला, तिथला खडक आतून पाहायचा म्हणून हे बोअर. भूकंपवाल्यांच्या पाठोपाठ सूक्ष्मजीववालेही इथं येतात; एवढा खोल कातळ फुकटात दुसरीकडे कुठं मिळणार?

६.४०. तारेवरून कोअर, म्हणजे कापलेल्या खडकाचा दंडगोल, वर येतो. वर बेसाल्टचा थर सुमारे ९३० मीटर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. खाली एकदम ग्रॅनाइट-नाइस, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मध्ये गाळाचा थर नाहीच.

"दादा, हात नको लावू!"

"अहो मॅडम, माझ्याच हातानं वर आलाय की तो."

त्याचं खरं आहे, आणि अडचणही तीच. आपल्या हातांवर, बोअरमध्ये सोडलेल्या पाण्यात, मडमध्ये, म्हणजे ड्रिलिंगच्या चिखलात, जंतूच जंतू. दगडात असले तर अगदी थोडे.

८ ते १२. खरी डोकेफोड इथं. तुकडा कुठला घ्यायचा? अखंड, भेग नसलेला घेतला तर मड आत शिरलेलं नसतं, पण तिथं जीव असण्याची शक्यताही कमी. जीवाला पाणी लागतं आणि पाणी असतं भेगांत. नेमक्या त्याच भेगांतून मड आत घुसतं. म्हणून दोन्ही प्रकारचे तुकडे घ्यायचे आणि मडचा, पाण्याचाही नमुना भरून ठेवायचा. मडमध्ये सापडलेला जंतू पुढे दगडात दिसला, तर त्याच्यावर काट.

१. भाकरी-पिठलं. "खाली ते खातात काय?" ड्रिलर विचारतो. ग्रॅनाइटमधल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारानं पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून हायड्रोजन निघतो. काहींचं पोट त्यावर चालतं. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत, २.८ किलोमीटर खोल, असा एक जीवाणू सापडला: डीसल्फोरूडिस ऑडॅक्सव्हिएटर. २००८ मध्ये त्याचा जीनोम छापून आला. तिथल्या पाण्यात जवळजवळ तो एकटाच होता.

"सूर्य नको, काही नको?"

"नको."

"मग बरंय त्याचं." तो ताक पितो.

दुपारी लेबलं, खोली, थंड पेटी. सांगण्यासारखं काही नाही.

५. तुकडे खरगपूरला जायचे. तिथं बाहेरचा थर काढून टाकतात, आतला भाग कुटतात, मग डीएनए शोधतात. खरगपूरच्या आयआयटीतल्या गटाला पुढे कोयनेच्या बेसाल्टमध्ये आणि ग्रॅनाइटमध्येही जीवाणूंचा डीएनए मिळाला. पण डीएनए मिळाला म्हणजे धनी जिवंत आहे असं होत नाही. या विषयातल्या उत्साही बातम्या हे सोयीनं विसरतात.

रात्री ८. पाळी बदलते. पुढचा कोअर चुरा होऊन येतो. तो भूशास्त्रवाल्यांच्या पेटीत. मडची बाटली मात्र तरीही भरायची, खोली लिहून.